ओल्यातली खूण

कुंच्यावरून चुन्याचा एक थेंब उडाला, भिंतीवर बसला, आणि मुरायचं सोडून सरळ खाली घसरत गेला. अळूच्या पानावरून पाणी जातं तसा. फरशीवर पडून त्याचा पांढरा ठिपका झाला आणि भिंतीवर त्याच्या वाटेची साधी ओलसुद्धा राहिली नाही. घडलं ते एवढंच. संग्रहालयाचं दार नुकतंच उघडलं होतं, बाहेर दौलताबादच्या रस्त्यावरून ट्रक जात होते, आणि दीपमाला हातात कुंचा धरून फरशीवरच्या त्या ठिपक्याकडे बघत उभी राहिली. या भिंतीवर चुना लागताना बघण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. ही भिंत कायम तहानलेली. मे महिन्यात तर कुंचा टेकवायचा अवकाश, चुना आत ओढून घ्यायची. आज ती नको म्हणत होती. दीपमालानं कुंचा पुन्हा बादलीत बुडवला आणि या वेळी मुद्दाम एक थेंब उडवला. तोही घसरला.

पडेगावच्या पुढे अन्सार सरांनी ही चित्रकलेची शाळा आणि हे संग्रहालय उभं केलं तेव्हा आजूबाजूला नुसता माळ होता. चित्रकारांनीच चालवायचं, सरकारचं काही नको, कुणा शेठचं नाव नको, असा त्यांचा हट्ट. संग्रहालय म्हणजे एक लांब हॉल. त्यात दोस्त चित्रकारांनी देऊन टाकलेली चित्रं, लेण्यांतल्या भिंतींवरून सरांनी तरुणपणी उतरवलेल्या नकला, जुन्या बाजारातून वेचून आणलेले कापडछपाईचे लाकडी ठसे, आणि हॉलच्या टोकाला ही भिंत. तिला सगळे पाटी म्हणत. शेवटच्या वर्षाच्या मुलांपैकी एकाला वर्षभरासाठी पाटी मिळायची. गेरू, पिवळा रामरज, काजळी, नीळ आणि डिंकाचं पाणी, एवढ्यावर चित्र काढायचं. मेच्या शेवटच्या रविवारी त्यावर चुना. ज्याचं चित्र त्यानं आपल्या हातानं चुना गाळायचा, आणि पुढच्या वर्षी ज्याला पाटी मिळणार त्यानं तो लावायचा. पातळ चुना ओला असतो तोवर आरपार दिसतो. खालचं चित्र उलट उजळून वर येतं, रंग कधी नव्हते इतके गडद होतात, आणि मग सुकता सुकता सगळं पांढरं होत जातं. तेवढ्या वेळात नव्या मुलानं जुन्या चित्रातली एक जागा निवडून तिथं बोट टेकवायचं. ही ओल्यातली खूण. त्याच्या चित्राची पहिली रेघ तिथूनच निघायची. बाकीची शाळा जमिनीवर मांडी घालून भिंत पांढरी होईपर्यंत बघत बसायची. सही करायची नाही, फोटो काढायचा नाही. बाहेरच्यांना हे खूळ वाटायचं. सर त्यांना सांगायचे, "व्हय, खूळच आहे. शहाण्यांच्या शाळा लई आहेत की शहरात."

मागच्या वर्षी पाटी लाइबाला मिळायची होती. मुकुंदवाडीची मुलगी, बारीक, अबोल, हात मात्र विलक्षण. चुना लागला, आणि खूण करायच्या वेळी, आजारानं अर्धे झालेले सर काठी टेकत पुढे आले आणि म्हणाले, "यंदा पाटी मला द्या." नाही कोण म्हणणार. लाइबा मागे सरली आणि तिच्यासाठी शाळेनं एक वर्ष वाढवलं. सरांनी भिंतीला पडदा लावून घेतला. दुपारी दुपारी ते एकटेच आत असायचे. थंडी संपता संपता पडदा उघडला, आणि महिनाभरात ते गेले. चित्रात होती चुना सुकताना बघत बसलेली शाळा. नुसत्या पाठी. आजवरची सगळी मुलं पाठमोरी, आणि त्यांच्यासमोर एक कोरी पांढरी भिंत. चेहरा एकही नाही, तरी जो यायचा तो स्वतःला ओळखायचा. आपला एक खांदा उतरता आहे हे जुन्या विद्यार्थ्यांतल्या इंद्रजीतला त्या चित्रावरून कळलं. दीपमाला पुढच्या रांगेत होती, वेणी पाठीवर, मान ताठ. सरांनी आयुष्यात असं दुसरं चित्र काढलं नव्हतं हे तिलाही मान्य होतं. मग जुन्या विद्यार्थ्यांनी व्हॉट्सअॅपवर ठरवून टाकलं की या चित्रावर चुना लागणार नाही. संग्रहालय इंद्रजीत बघायचा. त्यानं स्टीलचे दोन खांब आणून मधे लाल दोर लावला, आणि एक दिवस कुणीतरी त्या दोराला गुलाबाचा हार अडकवून गेलं. शाळा मात्र दीपमालाकडे होती आणि पाटी शाळेची होती. तिनं एकदा नाही म्हटलं असतं तर विषय संपला असता. ती बोलली नाही.

आधी ते दुःखात राहून गेलं होतं, पण कालपासून न बोलायचं कारण लाजिरवाणं होतं. इंद्रजीतनं जुन्या चित्रांची डागडुजी करणारा एक तज्ज्ञ मुंबईहून बोलावला होता, आणि त्यानं कसल्याशा कॅमेऱ्यानं भिंतीच्या आतलं टिपलं होतं. काल संध्याकाळी त्या तज्ज्ञानं लॅपटॉप तिच्यासमोर धरला. करड्या धुरकट पडद्यावर एसटीची खिडकी होती. खिडकीशी बसलेली बाई. तिच्या मांडीवर टोपली आणि टोपलीत कोंबडी. "हे तुमचं ना, मॅडम?" तो म्हणाला. "सरांचं चित्र आम्ही अख्खं सोलून काढू, दुसरीकडे कायमचं लावू. मग खालचे थर एकेक करून मोकळे होतील. वर्षं लागतील, तोवर भिंत बंद राहील. पण तुमचं चित्र तुम्हाला परत मिळेल." तो सहज बोलून गेला. दीपमाला घरी आली, भाकरी थापायला बसली, आणि तवा जळून काळा होईपर्यंत तिच्या ते लक्षात आलं नाही.

ती बाई म्हणजे तिची आई, सारजाबाई. पिशोरच्या शेतातून उठून लेकीला भेटायला शहराकडे निघालेली, निळं लुगडं नेसून, लेकीला खायला घालायला जिवंत कोंबडी घेऊन. दीपमालानं ते चित्र वर्षभर काढलं, तेही आठवणीतून, कारण आईला समोर बसवलं असतं तर ती दहादा उठली असती. चित्राचा आईला पत्ता नव्हता. कळवलं तेव्हा ती कांदे काढायला गुंतलेली, आणि आली ती चुन्याच्या दुसऱ्या दिवशी. हॉलमध्ये शिरून तिनं कोऱ्या भिंतीकडे पाहिलं, मग लेकीकडे. "कुठं हाय मी?" दीपमालानं कोऱ्या भिंतीकडेच बोट दाखवलं. आई खाली टेकली, पायातली चप्पल बाजूला केली आणि म्हणाली, "मंग मी उगाच दोन एसट्या बदलून आले." सर चहा घेऊन आले तर त्यांनाही तिनं सोडलं नाही. "पोरगी वरीसभर राबली आन् तुम्ही पांढरं फासलं. हे कसलं शिकवणं म्हणावं, सर?" सर हसले आणि चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. त्या दिवशी दीपमालाला सरांचा इतका राग आला होता की दातावर दात घट्ट बसून दुखत होते. आई जाऊन आता कितीतरी उन्हाळे झाले. घरात तिचा एकच फोटो, रेशनकार्डावरचा, त्यात ती कुणीतरी दटावल्यासारखी बघते. आणि खरी आई या भिंतीत बसली आहे, मांडीवर टोपली घेऊन, कधी उतरायचं ते न कळता. काल रात्री दीपमालाच्या मनात हेच येत होतं: इंद्रजीत मागतोय ते त्याला देऊन टाकावं. आपल्यालाही आपलं मिळेल. तरी सकाळी पाय शाळेकडे वळले, हातानं सवयीनं बादली उचलली, आणि तिनं स्वतःला बजावलं की नुसतं बघायला चाललेय.

तिनं आता दोर ओलांडला. चित्राला नाक लावलं. डिंकाचा वास नाही, चुन्याचा नाही. पदराचं टोक ओलं करून एका पाठीवरून फिरवलं. गेरू पदराला यायला हवा होता. पदर स्वच्छ राहिला. मग तिनं नख लावलं आणि नखाखाली कातड्यासारखं काहीतरी ताणलं गेलं. आता शंकेला जागा नव्हती. सरांनी सगळ्यांसमोर करवंट्यांमधून गेरू खलला, रामरज खलला, आणि पडद्याच्या आत जाऊन त्यात डिंकाऐवजी बाटलीतलं दुधासारखं अॅक्रिलिक घातलं. प्लास्टिक. चुन्याला धरू न देणारं, पाण्याला न विरघळणारं. चुन्यात मुरेल तोच रंग आपला, हे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत घोकून घेणारे सर. ती गुडघ्यांवर बसली. भिंतीला लागून एक बाक होता, तो तिनं ओढला. बाकाच्या आड, खालच्या कोपऱ्यात, उर्दूत बारीक अक्षरांत त्यांची ओळखीची सही होती: अन्सार. शेवटच्या अक्षराला चांगला ऐटबाज फटकारा. पाटीवर सही. तिला हसू आलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं, रागाचं. माझी आई पुसलीत. इंद्रजीतच्या चित्रातला बैलबाजार पुसलात, किती जणांची किती वर्षं पुसलीत, आणि पुसताना वर सांगायचात की चित्र भिंतीवर नसतं, हातात असतं. मग तुमच्या हाताला काय झालं होतं, सर? तुमची पाळी आली तेव्हा भ्यालात. आणि मागोमाग दुसरा विचार आला, थंड, सोयीचा: नियम सरांनीच मोडला, मग तो मी कशाला पाळू? काढू दे सोलून. मला माझी आई हवी. तो विचार तिनं दूर ढकलला नाही. त्याला समोर बसवून ती बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिली.

"दीपा, बादली कशाला आणलीस?" इंद्रजीत दारात उभा होता, मागे तज्ज्ञ, खांद्याला बॅग. इंद्रजीत तिच्यामागून एका वर्षानं पाटीवर आलेला. सावकाश बोलणारा, शेतीवाडीच्या घरचा, आता केस पांढरे झालेला माणूस.

"आज शेवटचा रविवार आहे."

"ते ठरलंय ना आपलं."

"तुमचं ठरलंय."

"चुना तसाही बसणार नाही, मॅडम," तज्ज्ञ मदत करावी तशा आवाजात म्हणाला. "अॅक्रिलिक आहे. मी काल तपासलं. म्हणून तर अख्खं सोलता येतंय. आमच्या दृष्टीनं उत्तमच."

इंद्रजीतचा चेहरा उतरला. त्याला माहीत नव्हतं. त्यानं भिंतीवर तळवा टेकवला, काढला, आणि आधी दाराकडे बघून मग बोलला. "ही गोष्ट इथंच राहू दे, दीपा. बाहेर नको जायला. सरांचं नाव आहे."

"माझ्या आईवर चुना तू लावलास," दीपमाला म्हणाली. "आठवतं का? जमणार नाय म्हणालास, तर सरांनी मनगट धरून तुझा कुंचा टेकवला."

"आठवतं." त्यानं भिंतीकडे पाहिलं. "तिच्या खांद्यावर खूण केली होती मी. माझ्या पहिल्या बैलाचं वशिंड तिथून निघालं."

"मग आता लाइबानं काय करायचं? तिनं कुठं बोट टेकवायचं, तुझ्या दोरावर?"

"एका पोरीसाठी सरांचं सगळ्यात मोठं काम घालवायचं व्हय?"

"एकेका पोरीसाठीच घालवत आलोय की आपण सगळं. आज नवं काय आहे? देव्हारा करायचा असला तर दुसरी भिंत बघ, इंद्रजीत. ही पाटी आहे."

हे बोलून गेल्यावर तिला कळलं की सरांचं चित्र राखायचं मनातून सुटलं. आईला परत मिळवायचंही सुटलं. आई सोलून निघाली असती तर तिच्याही पुढे दोर आला असता, बाजूला तारीख-वार लिहिलेली चिठ्ठी, आणि रविवारी तिकीट काढून आलेल्या लोकांनी तिच्याकडे मान वाकडी करून पाहिलं असतं. सारजाबाईनं दोर उचलून बाजूला टाकला असता आणि विचारलं असतं, ही वाट कुणी अडवली. हॉलच्या मागे शिल्पाच्या वर्गात छन्नी-हातोडा असतो हे तिला आठवलं आणि ती तिकडे निघाली.

मागच्या ओट्यावर जमिलाचाची बसली होती. अन्सार सरांची बायको. उर्दू शाळेत उभी हयात चित्रकला शिकवलेली बाई, शब्द तोलून खर्च करणारी. तिच्यासमोर घमेलं, घमेल्यावर मलमलीचं फडकं, आणि हात कोपरापर्यंत पांढरे. ती चुना गाळत होती. शेजारी लाइबा फडक्याचं दुसरं टोक धरून बसली होती.

"चाची, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"ज्याचं चित्र त्यानं गाळायचा. तो नाय तर मी," चाची म्हणाली. हात थांबले नाहीत.

"चुना बसणार नाही. सरांनी..."

"मेरेकू मालूम है. बाटल्या मीच आणल्या गुलमंडीवरून." तिनं फडकं पिळलं. "रातीला उठून बसायचे. जमिला, मैं पूरा मिट जाऊंगा, म्हणायचे. मी काय बोलणार? शेवटचं मागत होते, दिलं आणून. भ्याले होते पोरी, लई भ्याले होते."

"आणि आता?"

"आता कशाला भितील?" चाचीनं पहिल्यांदा मान वर केली. डोळे कोरडे होते आणि लाल होते. "छन्नी त्या पेटीत आहे. जा. मार."

जुन्या भिंतीवर नवा गिलावा धरावा म्हणून गवंडी छन्नीनं खाचा पाडत टाचे मारतो, तेवढंच करायचं होतं. दीपमालानं दोरावरचा हार काढून खिडकीत ठेवला, शिडी लावली आणि पहिला टाचा पुढच्या रांगेत मारला, ताठ मानेच्या, वेणीवाल्या पाठीवर. स्वतःवर. मग शेजारी, मग वर. तज्ज्ञ काहीतरी म्हणाला, मग म्हणायचा थांबला आणि बाहेर जाऊन फोनवर बोलू लागला. छन्नी बसली की प्लास्टिकचं कातडं फाटायचं आणि खालचा चुना, वर्षावर्षांचा, पापुद्र्यापापुद्र्यानं उडायचा. तिच्या ओठांवर त्याची चव आली, तिखट, ओळखीची. सरांचा तिला राग होता आणि कीवही येत होती, आणि दोन्ही हातोड्यात होतं. तुम्हीच शिकवलंत, ती मनात म्हणत होती, तुम्हीच शिकवलंत, आता भोगा. शिडी एका जागी अडली तेव्हा इंद्रजीत पुढे आला. त्यानं तिच्याकडे न बघता स्टीलचा खांब उचलून बाजूला ठेवला आणि शिडीचा पाय धरून उभा राहिला.

एका टाच्यातून निळं निघालं. नखाएवढं. नीळ, डिंकाच्या पाण्यातली, थोडी फिकी. दीपमालाची छन्नी थांबली. लुगडं असेल, किंवा एसटीच्या खिडकीबाहेरचं आभाळ असेल, किंवा दुसऱ्याच कुणाच्या चित्रातलं काही. छन्नी थोडी आडवी धरली असती तर पापुद्रा अजून सुटला असता, हातभर सुटला असता. शिडीखालून इंद्रजीतनंही ते पाहिलं आणि त्याच्या हाताचा शिडीला एक हिसका बसला. "दीपा," तो हळूच म्हणाला. तिनं त्या निळ्यावर अंगठा ठेवला. गार लागलं. इतकं जवळ तिला आईपाशी येऊन किती वर्षं झाली होती. तिनं अंगठा उचलला आणि पुढचा टाचा हातभर दूर मारला.

"लाइबा," ती खाली उतरत म्हणाली, "चुना आण."

दुपार झाली होती. वर्गातली मुलं, जेवायला म्हणून आलेले दोघे-तिघे जुने विद्यार्थी, सगळे फरशीवर बसले, जमिलाचाची खुर्ची नको म्हणून त्यांच्यात. लाइबानं कुंचा बुडवला. पहिला हात दिला. चुना टाच्यांमध्ये शिरला, तिथून पसरला, धरला. चित्र ओल्यात उजळून वर आलं. फाटक्या पाठी, छिद्राछिद्रांच्या माना, तरीही एकेक ओळखू येणारी, तो गेरू इतका गडद की चाचीच्या तोंडून एक बारीक आवाज निघाला. चिमटीएवढं निळंही तिथंच होतं, बरोबर मधे, सगळ्यांत उठून. लाइबाच्या हाताला ते लागेल अशा उंचीवर होतं. दीपमालाला वाटलं, तिनं तिथंच बोट टेकवावं. वाटलं, आणि तिनं तोंड मिटून ठेवलं. ही पाटी आता तिची नव्हती.

लाइबानं कुंचा बादलीवर आडवा ठेवला. ती निळ्यासमोर थांबली, पाठींच्या रांगेवरून चालत गेली, पुन्हा मागे आली. वरच्या बाजूनं भिंत पांढरी व्हायला लागली होती. मग ती अचानक खाली बसली, कोपऱ्यात, जिथं बाक होता. तिथं टाचे कमी पडले होते आणि ओल्यात सरांची सही ठळक उठली होती. पाटीवर सही पाहून मुलांत कुजबुज झाली. इंद्रजीतनं मान खाली घातली. लाइबानं ती वाचली. तिला वाचता येत होती. शेवटच्या अक्षराचा तो ऐटबाज फटकारा जिथं संपत होता, तिथं तिनं बोट टेकवलं आणि मागे वळून पाहिलं.

"इथून," ती म्हणाली. "ही रेघ मी पुढं नेते, मॅडम."

जमिलाचाचीनं पांढऱ्या हातांनी तोंड झाकलं. हसत होती की रडत होती ते मागून कळत नव्हतं. दीपमालानं मधे, वर पाहिलं. निळं होतं तिथं आता दुधासारखं झालं होतं. ती बघत होती तेवढ्यात तेही गेलं. मे महिन्यातली भिंत, वेळ लावत नाही.

"ने," ती लाइबाला म्हणाली. "आता बस खाली. सुकू दे."